हिसक्याचा आकडा विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या उद्योग पुरवणीत मागच्या रविवारी छोट्या कारखान्यांतल्या सीएनसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) मशिनांवर लेख आला. चांगला होता. कात्रण काढून मी आमच्या शॉपमधल्या फळ्यावर लावलंसुद्धा. फक्त त्यातल्या एका वाक्याखाली लाल पेनाने रेघ मारून ठेवली आहे. मशीन घेताना आधी रॅपिड (काही न कापता टेबल पळतं तो वेग) बघा, रॅपिड जास्त तेवढा सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) कमी, असा त्या वाक्याचा आशय. हे वाचून आमच्या शिरोलीतला एखादा तरणा कारखानदार कर्ज काढून नुसता वेग विकत घेईल, म्हणून हे पत्र. मीही तेच केलं होतं. वेगाच्या शेजारी हिसक्याचा आकडाही विचारायचा असतो, म्हणजे मशीनचं त्वरण किती अचानक बदलतं तो.

माझी ओळख थोडक्यात. डिप्लोमा मेकॅनिकल. सतरा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात सेटर, म्हणजे मशीनवर काम लावून देणारा, म्हणून काढली, मग शिरोली एमआयडीसीत स्वतःचा गाळा घेतला. दोन व्हीएमसी (वरून उभा कटर लावून धातू कापणारी सीएनसी मशिनं), एक टर्निंग सेंटर आणि एक जुना लेथ, जो भंगारात द्यायला जीव होत नाही. कोल्हापूरकडे बिडाचं काम जास्त. आमच्याकडे तेही येतं, शिवाय पंपाची आणि गिअरबॉक्सची ॲल्युमिनियमची कव्हरं. मला धरून सहा माणसं.

चार वर्षांपूर्वी दुसरी व्हीएमसी घेतली. डीलरचं नाव लिहीत नाही, माणूस वाईट नव्हता. डेमोच्या दिवशी त्याने टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट पळवलं. "साहेब, चोवीस मीटर रॅपिड!" म्हणजे मिनिटाला चोवीस मीटर. टेबल टोकाला पोचलं की 'थाड' असा आवाज यायचा आणि मशीनवरचा दिवा हलायचा. आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले. तो आवाज तेव्हा मला ताकदीचा वाटला होता.

तीन महिन्यांत कव्हरं परत यायला लागली. पुण्याच्या गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर भिंतीवर तिरका टॉर्च मारून दाखवायचा: कोपरा संपला की पुढे बारीक लाटा. तळ्यात खडा टाकल्यावर काठाकडे विरत जातात तशा. माप बरोबर, पण नख फिरवलं की जाणवायचं, आणि त्या कडेला सील बसत असल्यामुळे माल नापास. आम्ही एन्डमिल म्हणजे कटर बदलला, त्याला धरणारं कोलेट बदललं, होल्डर बदलला. कटर फिरवणाऱ्या स्पिंडलचा रनआउट, म्हणजे तो किती वाकडा फिरतो ते, तपासला, दोन मायक्रॉन निघाला. कूलंटचं प्रमाण बदललं. शेवटी शनिवारी मारुतीला तेल घातलं, तेही सांगून टाकतो.

डीलरचा इंजिनिअर आला आणि म्हणाला, टूल चॅटर मारतंय, म्हणजे कापताना कटरच थरथरतोय. मला ते पटेना. चॅटर असता तर सगळ्या भिंतीवर दिसला असता. ह्या लाटा कोपऱ्यानंतर सुरू होऊन दहा-बारा मिलिमीटरमध्ये संपत होत्या. मी स्पिंडल आठ हजारावरून सात हजारावर आणला, फीड, म्हणजे कापताना पुढे सरकायचा वेग, तोच ठेवला. लाटांमधलं अंतर होतं तेवढंच राहिलं. म्हणजे कटरच्या फिरण्याशी त्यांचा संबंध नव्हता. एवढं कळलं, पुढचं कळेना.

उलगडा झाला तो दिवाळीच्या सुट्टीत. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे. त्याने प्लास्टिकचा एक चौकोनी ठोकळा दाखवला, त्याच्या एका बाजूला इंग्रजी एक्स कोरलेला. त्या एक्सच्या शेजारी त्याचीच फिकी सावली, पुढे आणखी फिकी दुसरी सावली. प्रिंटरवाले त्याला घोस्टिंग म्हणतात. "मामा, हेड एकदम वळलं की फ्रेम थरथरते, आणि ती थरथर प्लास्टिकवर छापली जाते," तो म्हणाला. मी ड्रॉवरमधून नापास झालेलं कव्हर काढून त्याच्या हातात दिलं. त्याने टॉर्च मारला आणि हसला. "तुझ्या मशीनला माझ्या प्रिंटरचाच आजार आहे की."

मग आम्ही दोघं व्हर्निअर आणि भिंग घेऊन बसलो. हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण त्याला एक पैसा लागत नाही आणि कुणीही आपल्या गाळ्यात करून बघू शकतो. फीड होता मिनिटाला २४०० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला ४०. पाच लाटा मोजल्या, साडेनऊ मिलिमीटर भरल्या. एक लाट १.९ मिलिमीटर. चाळीसला १.९ ने भागलं की २१. म्हणजे मशीनचं काहीतरी सेकंदाला २१ वेळा डोलत होतं. आठ हजार आरपीएमचा स्पिंडल सेकंदाला १३३ वेळा फिरतो आणि कटरला तीन दात, म्हणजे सेकंदाला ४०० घाव. एकवीसच्या आसपास त्यातलं काहीच नाही. डोलत होतं ते अख्खं मशीनच.

दुसऱ्या दिवशी लेव्हलिंगचे पॅड तपासले. सहापैकी एक पॅड सैल, खाली पोस्टकार्ड सरकत होतं. मशीन उभारून दिलं त्या दिवसापासून ते तसंच असणार. तो आवळला, लेव्हल परत केली आणि कव्हर मारलं. लाटा कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. आता पाच लाटा आठ मिलिमीटरमध्ये बसत होत्या, एक लाट १.६. म्हणजे सेकंदाला २५. मशीन थोडं ताठ झालं होतं, डोलायचं थांबलं नव्हतं. भाच्याने टेबलावर मोबाईल ठेवून त्यातल्या ॲपवर टेबलाचा धक्का नोंदवला, तिथेही शिखर पंचविसाशीच आलं. व्हर्निअरने काढलेला आकडा आणि मोबाईलने काढलेला आकडा जुळले, तेव्हा मला जो आनंद झाला तो मशीन घेतानाही झाला नव्हता.

आता ते डोलतं कशाने?

आमच्या कव्हरच्या कोपऱ्याला ३ मिलिमीटरची गोलाई आहे. कटर सरळ भिंतीवरून सेकंदाला ४० मिलिमीटरने येतो आणि गोलाईत शिरतो. सरळ चालताना आडवं त्वरण शून्य. गोलाईत शिरला की वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे १६०० भागिले ३, सेकंद वर्गाला ५३३ मिलिमीटर. आकडा काही मोठा नाही, अर्ध्या मीटरच्या वर किंचित. खोड अशी की तो एका क्षणात शून्यावरून तिथे पोचतो, आणि गोलाई संपली की तितक्याच क्षणात परत शून्य. टनावारी वजनाच्या मशीनला कुणीतरी कोपऱ्यात धरून हिसडा दिल्यासारखं होतं. मशीन बिचारं आपल्या चालीने, सेकंदाला पंचवीस वेळा, डोलत राहतं आणि कटर ते इमानेइतबारे भिंतीवर लिहून ठेवतो.

हे गणित मला नवीन नव्हतं, याचीच मला लाज वाटली. आमचे आप्पा मिरजेला रेल्वेत गँगमध्ये होते. मी सातवी-आठवीत असताना सुट्टीत त्यांचा डबा घेऊन लाइनीवर जायचो. वळणावर काम चालू असलं की दोन माणसं वीस मीटरची दोरी रुळाच्या आतल्या कडेला ताणून धरायची आणि तिसरा मधोमध पट्टी लावून दोरी आणि रूळ यांच्यातलं अंतर ओरडून सांगायचा. त्याला व्हर्साइन म्हणतात. ५०० मीटर त्रिज्येच्या वळणात ते अंतर १०० मिलिमीटर येतं. पण सरळ रूळ संपला की लगेच शंभर येत नाही. दहा-दहा मीटर पुढे सरकत गेलं की वीस, चाळीस, साठ, ऐंशी आणि मग शंभर, साधारण असं चढत जातं. एखाद्या ठिकाणी चाळीसनंतर एकदम ऐंशी आले की आप्पा म्हणायचे, "इथं गाडी हिसका खाणार." मग पहारी लावून रूळ सरकवायचे.

सरळ आणि गोल यांच्यामध्ये वळण हळूहळू घट्ट करत नेणारा हा जो तुकडा असतो, तो आपल्या रेल्वेत घन पॅराबोलाच्या आकाराचा घालतात. वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवतात. गाडीच्या वेगाला ती उंची जेवढी कमी पडते, तो तुटवडा सेकंदाला ३५ मिलिमीटरपेक्षा भरभर वाढू द्यायचा नाही, फारच अडचण असेल तर ५५, असा रेल्वेचा नियम आहे. ब्रॉडगेजला हिशेब मांडला तर ते ३५ मिलिमीटर म्हणजे त्वरणात दर सेकंदाला ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी वाढ होते. हमरस्त्याच्या वळणालाही असाच नियम आहे, तिथे इंडियन रोड्स काँग्रेसने ०.५ ते ०.८ ची मर्यादा घातली आहे. म्हणजे रूळ टाकणाऱ्याने आणि रस्ता आखणाऱ्याने हिसक्याचा आकडा कधीच ठरवून ठेवला. चाळीस लाखांचं मशीन विकणाऱ्याच्या कोटेशनमध्ये मात्र तो नसतो.

शब्दाबद्दल थोडं बोलतो. शाळेत आपण विस्थापन शिकतो, मग वेग, मग त्वरण, आणि तिथे पुस्तक थांबतं. त्वरण किती भरभर बदलतं, या पुढच्या पायरीला इंग्रजीत जर्क म्हणतात. एकक मीटर प्रति सेकंद घन. मराठीत त्याला अवघड संस्कृत नाव शोधायची गरज नाही. आप्पांचा हिसका आहे. धक्का म्हणजे जोर. झटका विजेचा बसतो. हिसका म्हणजे जोर अचानक आला किंवा अचानक गेला तो. एसटीत उभ्याने प्रवास करणाऱ्याला हा फरक पायांना कळतो. ड्रायव्हरने ब्रेक दाबून धरला असला तरी आपण दांडा पकडून, अंग मागे रेटून, तोल सांभाळून उभे असतो. पडतो कधी? गाडी पुरती थांबते त्या क्षणी, कारण तोवर पुढे रेटणारा जोर एका क्षणात नाहीसा होतो आणि आपण मागच्या माणसाच्या अंगावर जातो. मुरलेला ड्रायव्हर शेवटच्या हातभर अंतरात ब्रेकवरचा पाय किंचित सैल करतो. त्याच्या गाडीत चहाचा कप हातात असला तरी सांडत नाही. त्याला सेकंद घन ठाऊक नसतो, पण तो करतो तेच.

तर हे सगळं मनात जुळल्यावर मी मशीनची पॅरामीटरची, म्हणजे सेटिंगच्या आकड्यांची, पानं उघडली. त्वरणाचा आकडा होता, टेबल एक दशांश सेकंदात पूर्ण रॅपिडला पोचत होतं, म्हणजे सेकंद वर्गाला ४ मीटर. त्याच्या खालचा रकाना, म्हणजे ते त्वरण किती वेळात चढवायचं तो, शून्य. शून्य म्हणजे हिसक्याला काही मर्यादाच नाही, चारच्या चार एकदम. डेमोत सायकल टाइम चांगला दिसावा म्हणून तो शून्य ठेवला होता, की भरायचाच राहिला होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही. फोन केला तर उत्तर आलं, "ते फॅक्टरी सेटिंग आहे, हात लावलात तर वॉरंटी जाईल." तीन आठवडे मागे लागल्यावर इंजिनिअर आला.

त्याला मी म्हटलं, पंचवीस हेलकाव्यांना एक सेकंद, म्हणजे एका हेलकाव्याला ४० मिलिसेकंद. त्वरण बरोबर ४० मिलिसेकंदांत चढव आणि ४० मिलिसेकंदांतच उतरव. तो म्हणाला, चाळीसच का, पन्नास का नको? प्रश्न चांगला होता. जोर सारख्या चालीने वाढत असताना मशीन डोलायला लागतं खरं, पण वाढ बरोबर एक पूर्ण हेलकावा चालू ठेवून थांबवली, तर त्या क्षणी डोलणंही शून्यावर आलेलं असतं. झोपाळ्यावरच्या पोराला ढकलत ढकलत नेऊन तो बरोबर थांबायच्या जागी हात काढून घेतल्यासारखं. ऐंशी ठेवले तरी चालतं, दोन हेलकावे. पन्नासला मात्र थोडं डोलणं उरतं. त्याने मान हलवली, पटलं की कंटाळला ते समजलं नाही, पण आकडा भरला. कटिंग फीडचा रकाना वेगळा असतो, तिथेही तेवढाच वेळ घातला.

चार मीटर भागिले ०.०४ सेकंद, म्हणजे हिसका १०० झाला. रेल्वेच्या ०.२ पुढे हे राक्षसीच, पण टेबलावर कुणी म्हातारी बसलेली नसते, लोखंड असतं.

पहिलं टेबल पळवलं आणि 'थाड' आवाज आला नाही. रात्रपाळीचा आमचा ऑपरेटर पोरगा म्हणाला, "मालक, मशीन बिघडलं काय?" कव्हर मारलं. तिरका टॉर्च मारून फार बघितलं तर कोपऱ्यानंतर एक पुसट रेष दिसते. नखाला काही लागत नाही. बदल्यात कोपऱ्याच्या गोलाईत तीनेक शतांश मिलिमीटरचा फरक पडला, कारण वळताना मशीन थोडं आतून जातं. ड्रॉइंगमध्ये तिथे एक दशांशाचा टॉलरन्स आहे, चाललं.

आता लेखातल्या त्या लाल रेघेखालच्या वाक्याकडे येतो. हिसका बांधला की मशीन हळू होतं, हे खरंच आहे. प्रत्येक हालचालीला बरोबर तेवढे ४० मिलिसेकंद जास्त लागतात. आमच्याकडे एक प्लेट आहे, तिला रीमरची (रीमर नावाच्या हत्याराने अचूक मापाला आणलेली) २४ भोकं, एकमेकांपासून साठ मिलिमीटरवर. एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत जायला आधी पाव सेकंद लागायचा, आता ०.२९ लागतो. चोवीस भोकांना मिळून साधारण एक सेकंद तोटा.

पण प्रोग्रॅम उघडून बघा. प्रत्येक भोकाच्या आधी माझ्याच सेटरने 'जी झिरो फोर, पी तीनशे' लिहून ठेवलं होतं. म्हणजे जागेवर पोचल्यावर ३०० मिलिसेकंद गप्प उभं राहायचं. का? कारण टेबल पोचायचं पण डोलत असायचं, आणि रीमर त्याच डोलण्यात शिरला की भोक अंडाकृती. सेटर हुशार, त्याने अनुभवाने तो थांबा घातला होता. २४ भोकं गुणिले ०.३, सव्वासात सेकंद आम्ही प्रत्येक प्लेटला नुसते उभे राहण्यात घालवत होतो आणि त्याला चोवीस मीटर रॅपिड म्हणत होतो. हिसका बांधल्यावर ते सगळे थांबे काढले. गेला एक, आले सात, प्लेटमागे सहा सेकंद वाचले. एका पाळीत शंभर-एकशेदहा प्लेटी निघतात, म्हणजे दहा-अकरा मिनिटं. मशीन हळू केलं आणि काम लवकर व्हायला लागलं, हे आमच्या सीए साहेबांना अजून पटलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी टेबल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूचं सपोर्ट बेअरिंग गेलं होतं. त्याचा दोष मी त्या शून्याला देतो. पुरावा नाही, नुसता संशय.

एक चूक माझीही सांगतो, नाहीतर वाचून कुणी अतिरेक करेल. यश डोक्यात गेलं आणि मी जुन्या व्हीएमसीवर हिसका दहापट कमी करून टाकला. त्या मशीनवर एक डाय (साचा) होती, वाकडातिकडा पृष्ठभाग, प्रोग्रॅममध्ये अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचे हजारो तुकडे. प्रत्येक तुकड्यावर मशीन वेग घ्यायला जायचं आणि घेण्याआधीच उतरायला लागायचं. तीन तासांचं काम साडेचार तासांवर गेलं. फिनिश छान, पण गिऱ्हाईक छान फिनिशचे जास्त पैसे देत नाही. मशीनचा हेलकावा मोजल्याशिवाय आकडा भरायचा नाही, हे त्यातून शिकलो.

आणि हिसका नेहमीच शत्रू असतो असंही नाही. इचलकरंजीतल्या साध्या मागावर धोटा फेकायला काठीचा फटकाच लागतो. गल्लीभर जो खडखडाट ऐकू येतो त्यात तो मोठा वाटेकरी. हळुवार ढकलून धोटा पलीकडे पोचणार नाही. उलट रेपिअर मागावर सूत धरून न्यायचं असतं, तिथे हिसका आला की सूत तुटतं, म्हणून त्याच्या गतीची वक्ररेषा जपून आखतात.

डिप्लोमाला असताना आम्ही हेच कॅमच्या शीटवर काढलं होतं. कॅम म्हणजे फिरता फिरता दुसऱ्या भागाला वरखाली ढकलणारं चाक. समान त्वरण-मंदनाचा कॅम, सरल आवर्त गतीचा कॅम, सायक्लॉइडल कॅम. वर्तुळ गडगडवून सायक्लॉइड काढताना पेन्सिल तुटायची. सर म्हणाले, वेगाने फिरणाऱ्या कॅमला सायक्लॉइडल चांगला. आम्ही लिहून घेतलं. का चांगला, तर पहिल्यात त्वरण जागच्या जागी उडी मारतं आणि सायक्लॉइडलमध्ये ते शून्यापासून चढून शून्यावर उतरतं, हे मला पस्तीस वर्षांनी कव्हरच्या भिंतीवर वाचायला मिळालं. आज पोरं शीटऐवजी कॉम्प्युटरवर काढतात. शेजारी एक टेबल पळवून, त्यावर डायल लावून, काटा किती वेळ थरथरतो ते दाखवलं तर अर्ध्या तासात काम होईल. आयटीआयवाल्यांनाही दाखवा. रात्रपाळीला मशीनपाशी तेच असतात.

भाच्याच्या प्रिंटरबद्दल एक राहिलं. त्याच्या मार्लिन नावाच्या फर्मवेअरमध्ये 'जर्क' असा एक आकडा भरायचा असतो आणि त्याचं एकक आहे मिलिमीटर प्रति सेकंद. एकक बघा, हा हिसका नव्हेच, हा वेग आहे. कोपऱ्यावर वेगात एकदम किती उडी घेऊ द्यायची ते. नाव चुकीचं पडलं आणि पोरं तेच शिकतात. मोठ्या कंट्रोलवर असा गोंधळ नाही. सीमेन्सच्या कंट्रोलला प्रोग्रॅममध्येच 'सॉफ्ट' लिहिता येतं, की हिसक्याला लगाम लागतो, आणि 'ब्रिस्क' लिहिलं की त्वरण एकदम. फानुकवाले त्याला बेल शेप म्हणतात, घंटेच्या आकाराचं. सोय सगळीकडे आहे. ती चालू आहे की नाही एवढंच कुणी विचारत नाही.

म्हणून आपल्या पुरवणीच्या लेखकांना विनंती, पुढच्या वेळी मशिनांचा तक्ता छापाल तेव्हा रॅपिड आणि त्वरण यांच्या शेजारी हिसक्याचा रकाना घाला. डीलरने आकडा दिला नाही तर तो मोकळा छापा, मोकळा रकाना बरंच बोलतो. मशीन घेणाऱ्याने टेबल पळवून दाखवा म्हणू नये. ॲल्युमिनियमचा एक चौकोन, कोपऱ्यांना ३ मिलिमीटरची गोलाई, आपल्याच फीडला मारून मागावा आणि त्यावर तिरका टॉर्च मारावा. पॅरामीटरची यादी कागदावर सही-शिक्क्यानिशी घ्यावी. वॉरंटीची धमकी मिळाली तर सैल पॅडचा विषय काढावा.

लेखक महाशय कधी कोल्हापूरला आले तर शिरोलीला जरूर यावं. माझ्या टेबलावर दोन कव्हरं शेजारी शेजारी ठेवलेली आहेत, एक शून्याचं आणि एक शंभराचं. कुठलं कुठलं ते आम्ही सांगणार नाही, नख फिरवून त्यांनीच सांगायचं. चहा आमच्याकडे.

(नाव छापू नये, गिऱ्हाइकं सांभाळायची आहेत.)

आपला,
एक जॉबवर्कवाला
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर